कात्रणातली कृती तंतोतंत करूनही बिघडते, नेमकं कुठे चुकतं?

कात्रणवही

मासिकांतून कापून ठेवलेल्या कृती आहेत, खाण्याच्याही आणि हस्तकलेच्याही. तीन करून पाहिल्या, तिन्ही फसल्या. मोजमापासकट लिहिते.

१) बटर केक. मैदा २ कप, साखर सव्वा कप, बटर २०० ग्रॅम, ३ अंडी, दूध पाऊण कप, बेकिंग पावडर अडीच छोटे चमचे. २३ सेंमी गोल टिन, ३५० अंश फॅरेनहाइट, ३५ मिनिटं. टिन २० सेंमीचा वापरला. ओव्हन १८० सेल्सिअसला, ओव्हनचा आतला पंखा चालू. मैदा डब्यातून कपानेच काढला. ३५ मिनिटांनी वरून छान तपकिरी, कडेला काडी टोचली तर कोरडी निघाली. गार झाल्यावर मधोमध खड्डा, खड्ड्याखाली चिकट, कडा मात्र रवाळ आणि कोरड्या.

२) फुग्यावरची कागदी वाटी (पेपर मॅशे). मैद्याची खळ, कागदाच्या पट्ट्या, सहा थर. सगळे थर एका दुपारी लावले. पट्ट्या जुन्या मासिकाच्याच, कात्रीने कापलेल्या. दोन दिवस उन्हात ठेवली. फुगा फोडला तर काठ आत वळला, आतून सुरकुत्या आणि कुबट वास.

३) क्रोशाचा चौकोनी रुमाल. नमुन्यात 'डबल क्रोशे'च्या ४० ओळी आहेत, तेवढ्याच घातल्या. चौकोनाऐवजी लांबलचक पट्टा झाला, दोरा अर्ध्यावरच संपला.

एकही आकडा बदललेला नाही (टिन सोडून). मग चुकतं कुठे?

वजनकाटा

केकचं मी सांगतो. प्रमाण तपासलं, ते ठीक आहे. कपभर मैद्याला एक ते सव्वा छोटा चमचा बेकिंग पावडर लागते, तुमच्याकडे दोन कपांना अडीच आहे. म्हणजे छपाईची चूक नाही. गडबड तीन ठिकाणी झाली आणि तिन्हींनी एकमेकींना हातभार लावला.

आधी टिन, कारण कंसात टाकून तुम्ही त्याला फारच स्वस्तात सोडलंय. २३ सेंमी गोल टिनचा तळ ४१५ चौरस सेंमी असतो, २० सेंमीचा ३१४. तीन सेंमीच कमी वाटतं, पण तळ पाऊणपट होतो. मिश्रण तेवढंच, त्यामुळे थर अडीच सेंमीचा व्हायचा तो सव्वातीनच्या वर गेला. उष्णता कडांकडून आणि तळाकडून मध्याकडे सरकते, आणि जाड थरात तिला वेळ लागतो. ३५ मिनिटांनी तुम्ही केक बाहेर काढलात तेव्हा मधला भाग फुगलेला होता, पण शिजून घट्ट झालेला नव्हता. गार होताना आतली हवा आणि वाफ आकसली आणि छत खाली बसलं. खड्ड्याखाली चिकट लागलं ते कच्चं मिश्रणच.

मग पंखा. ३५० फॅरेनहाइट म्हणजे १७७ सेल्सिअस, पण हा आकडा सहसा बिनपंख्याच्या ओव्हनसाठी दिलेला असतो. पंखा चालू असेल तर २० अंश उतरवायचे. तुमचे १८० हे साध्या ओव्हनच्या २०० च्या बरोबरीचे झाले. कडा आणि वरची साल आधीच भाजून कडक झाली.

तिसरी गडबड कपाची. डब्यात खुपसून भरलेल्या कपात मैदा दाबला जातो, १४५-१५० ग्रॅम भरतो. चमच्याने सैल भरून सुरीच्या पाठीने सपाट केला तर १२०-१२५. दोन कपांत जवळजवळ ५० ग्रॅमचा फरक पडतो. कडा रवाळ आणि कोरड्या झाल्या त्यात याचाही वाटा आहे.

पुन्हा करताना: मैदा २५० ग्रॅम तोलून घ्या. टिन २० सेंमीचाच असेल तर मिश्रणाचा पाऊण हिस्सा त्यात ओता, उरलेलं लहान कपांत घालून १८-२० मिनिटं भाजा. सगळं एकाच टिनात हवं असेल तर पंखा बंद, १७० अंश आणि ४५ ते ५० मिनिटं, पण टिन दोन-तृतीयांशाच्या वर भरू नका. काडी मधोमध टोचायची. कडेला टोचलेली काडी कायम खोटं बोलते. स्वयंपाकाचा थर्मामीटर असेल तर मध्यभागी ९६-९८ अंश दिसले की केक झाला. ओव्हनचा दिवा विझला म्हणजे हवा तापली, भिंती नाही. त्यानंतर आणखी पंधरा मिनिटं थांबून मगच टिन आत सरकवा.

आता मूळ मुद्दा. आकडे तुम्ही बदलले नाहीत, पण ते आकडे कोणत्या मापाने छापलेत हे कात्रणावर नाही. ते मासिकाच्या दुसऱ्याच पानावर असतं, बहुधा पाककृती विभागाच्या सुरुवातीला बारीक टायपात: आमचा कप अमुक मिलीचा, चमचा सपाट, अंडी मोठी, ओव्हन साधा. कृती कापली की ते पान रद्दीत जातं. अमेरिकन कप २४० मिलीच्या आसपास (नेमका २३६.६), मेट्रिक कप २५०, जपानी २००, आणि जुन्या ब्रिटिश कृतींत अर्धा पिंट म्हणजे २८४. मोठा चमचा बहुतेक ठिकाणी १५ मिली, ऑस्ट्रेलियन मासिकांत २०. तुमच्या कात्रणात तापमान फॅरेनहाइटमध्ये आहे, म्हणजे कप बहुधा २४० चा. एका केकमध्ये २४० आणि २५० चा फरक चालून जातो. २०० आणि २८४ चा जात नाही.

आणखी एक, स्वल्पविराम वाचायला शिका. '१ कप चिरलेले अक्रोड' आणि '१ कप अक्रोड, चिरून' यांत फरक आहे. पहिल्यात आधी चिरायचे मग मोजायचे, दुसऱ्यात उलटं. अख्खे अक्रोड कपात पोकळी ठेवून बसतात, त्यामुळे दुसऱ्या पद्धतीत कमी भरतात.

लगदामास्तर

वाटीकडे वळू. इथे मासिकाच्या पानाचा दोष थोडा आहेच. 'सहा थर लावा आणि वाळू द्या' असं एका वाक्यात छापतात आणि खालच्या फोटोत तयार वाटी. त्या एका वाक्यात तीन दिवस दडलेले असतात.

एका दिवशी दोनच थर. मग २४ तास वाळवण, मग पुढचे दोन. सहा एकदम लावले की बाहेरचा थर वाळून कातडीसारखा बंद होतो आणि आतलं पाणी कोंडतं. ओला कागद, मैदा आणि ऊब एकत्र आली की बुरशी येणारच. वाळलं की नाही हे बोटाने कळत नाही. वाटी गालाला लावा. गार लागली तर आत पाणी आहे, कारण ते अजून उडतंय आणि उडताना उष्णता घेतंय. खोलीइतकीच उबदार लागली की पुढचा थर.

कागद चुकीचा घेतलात. मासिकाच्या गुळगुळीत कागदावर पांढऱ्या मातीचा लेप असतो, खळ आत मुरत नाही, नुसती वर राहते. वर्तमानपत्राचा किंवा पॅकिंगचा खडबडीत कागद घ्या. मासिकाची रंगीत पानं ठेवायचीच असतील तर सगळ्यात शेवटच्या थराला, सजावट म्हणून.

कापू नका, फाडा. फाडलेल्या कडेला तंतूंची झालर राहते, ती शेजारच्या पट्टीत मिसळते आणि सांधा दिसत नाही. कात्रीची कड पायरीसारखी उठून दिसते. फाडताना कागदाची दिशा बघा: वर्तमानपत्र एका बाजूने ओढलं तर सरळ लांब पट्टी निघते, दुसऱ्या बाजूने वेडीवाकडी. सरळ फाटतं ती तंतूंची दिशा. पट्ट्या त्या दिशेनेच फाडा, अडीच-तीन सेंमी रुंद. लावताना एक थर उभा, दुसरा आडवा. ओला कागद तंतूंच्या आडव्या दिशेने जास्त फुगतो आणि वाळताना तितकाच आकसतो. सगळे थर एकाच दिशेने असतील तर वाटी त्या बाजूला ओढली जाते. काठ आत वळण्याचं एक कारण हे, दुसरं म्हणजे ओली असतानाच आधार काढला.

एक थर छापील कागदाचा, दुसरा कोऱ्या कागदाचा, असं आलटून पालटून लावलं तर कुठे पट्टी राहिली ते लगेच दिसतं.

खळ कशी केली ते लिहिलं नाहीत. कच्च्या मैद्यात नुसतं पाणी कालवलेली खळ चिकटते कमी आणि आंबते लवकर. एक भाग मैदा, पाच भाग पाणी. मैदा थोड्या गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवा, उरलेलं पाणी उकळा, कालवलेलं त्यात ओता आणि दोन-तीन मिनिटं ढवळत राहा. पांढुरका रंग जाऊन अर्धपारदर्शक झाली की उतरवा. कपभर मैद्याला मोठा चमचाभर मीठ घातलं तर बुरशी उशिरा येते. पूर्ण गार झाल्यावरच वापरा, गरम खळीने फुगा फुटतो. शिजवायचं नसेल तर पांढरा फेव्हिकॉलसारखा गोंद दोन भाग, पाणी एक भाग.

पट्टी खळीत बुडवली की दोन बोटांच्या चिमटीतून वरून खाली एकदा ओढून काढा. खळ भांड्यात परत टपटपली पाहिजे, पट्टी ओलसर राहिली पाहिजे, लिबलिबीत नाही. नव्वद टक्के ओल्या वाट्या इथेच ओल्या होतात (आकडा माझ्या मनचा आहे, पण भावना खरी आहे).

आणि फुगा. फुगा उन्हात फुगतो, रात्री आकसतो, शिवाय त्यातून हवा सतत निसटत असते. अर्धवट वाळलेलं कवच त्याच्यामागे आत ओढलं जातं, त्याच तुमच्या सुरकुत्या. सावलीत, वाऱ्यावर, एकाच तापमानात ठेवा. खरं सांगायचं तर वाटीसाठी फुगा हवाच कशाला? स्टीलची वाटी उपडी घाला, वर स्वयंपाकघरातला पातळ प्लास्टिकचा कागद ताणून बसवा आणि त्यावर थर लावा. स्टील आकसत नाही. गोल घुमट किंवा मुखवटा करायचा असेल तेव्हा फुगा.

काठ शेवटी. पूर्ण वाळल्यावर पेन्सिलने रेघ मारून कापा, मग बोटभर लांबीच्या लहान पट्ट्या काठावरून आत-बाहेर घडी घालून चिकटवा. रंग आणि वॉर्निश दोन्ही बाजूंना द्या. एकच बाजू ओली झाली तर वाळताना ती बाजू आकसून वाटी पुन्हा वाकडी होते. आणि वॉर्निश दिलं तरी त्यात ओलं खाणं ठेवायचं नाही.

उलटसुलट

तिसरा प्रश्न सोपा आहे आणि त्यात तुमची चूक फक्त भाषेची. 'डबल क्रोशे' या एका नावाचे दोन टाके आहेत. ब्रिटिश नमुन्यात डबल क्रोशे म्हणजे आपला मुका खांब, सरकता टाका सोडला तर सगळ्यात बुटका. अमेरिकन नमुन्यात त्याच नावाचा अर्थ खांब, म्हणजे सुईवर एक वेढा घेऊन घातलेला, साधारण दुप्पट उंच. नमुना ब्रिटिश होता, तुम्ही अमेरिकन घातलात. ४० ओळी मुक्या खांबाच्या आणि ४० ओळी खांबाच्या, उंचीत दुप्पट फरक पडणारच. दोरा पुरला नाही तो त्यामुळेच.

कात्रणावर देश लिहिलेला नसला तरी ओळखता येतं. ओळीच्या सुरुवातीला किती साखळ्या घ्यायला सांगितल्यात ते बघा. १ साखळी असेल तर मुका खांब, २ असतील तर अर्धा खांब, ३ असतील तर खांब. टाक्याचं नाव काहीही असो, साखळ्या खरं सांगतात. दुसरी खूण: 'हाफ डबल' असा शब्द आला तर नमुना अमेरिकन, 'हाफ ट्रेबल' आला तर ब्रिटिश. 'सिंगल क्रोशे' आलं तर अमेरिकन, पण फार जुन्या ब्रिटिश नमुन्यांत ते नाव सरकत्या टाक्याला आहे, तेवढं सांभाळा.

सुईच्या नंबरचंही तेच. विणायच्या सुयांत अमेरिकन ८ म्हणजे ५ मिमी, जुना ब्रिटिश ८ म्हणजे ४ मिमी. मिमीमध्ये दिलेलं असेल तर तेच धरा.

आता एक गोष्ट जी कुणालाच करायची नसते: नमुन्याचा तुकडा. १० सेंमीत किती टाके बसतात ते प्रत्येक नमुन्यात दिलेलं असतं, आणि मासिकात जागा वाचवायला ते चित्राच्या कोपऱ्यात जातं. समजा १० सेंमीत २२ टाके हवेत आणि तुमच्या हातात २० बसतात. दोनच टाके. पण २२० टाक्यांचा घेर १०० सेंमी व्हायचा तो ११० होतो. तुकडा १५ सेंमीचा करा, धुऊन वाळवा, मग मधल्या १० सेंमीतले टाके मोजा, कारण कडेचे टाके नेहमी ताणलेले असतात. टाके कमी भरले तर सुई अर्धा मिमी बारीक, जास्त भरले तर अर्धा मिमी जाड. हात घट्ट करून किंवा सैल सोडून जमवायला जाऊ नका, तिसऱ्या ओळीपासून हात आपल्या मूळ स्वभावावर येतो.

रुमालापुरतं हे नाही केलं तरी चालेल. टोपी आणि स्वेटरला सुटका नाही.

अंदाजपंचे

सगळे जण फारच काटेकोर झालात बुवा. मासिकातली कृती म्हणजे दिशा, आज्ञा नव्हे. सूप, कोशिंबीर, सँडविच, कोलाज, भेटकार्ड, यात कोण मोजतं? फोटो बघायचा, अंदाज घ्यायचा आणि हाताशी आहे ते वापरायचं. पिवळा कागद नसेल तर निळा. बटर नसेल तर तेल. बेकिंग पावडर संपली तर तेवढाच सोडा.

वजनकाटा

@अंदाजपंचे, निळ्या कागदापर्यंत तुमच्याशी सहमत. सोड्यापाशी थांबा.

सोडा बेकिंग पावडरच्या तिप्पट-चौपट तेज असतो. अडीच चमचे पावडरच्या जागी अडीच चमचे सोडा घातला तर केक साबणासारखा लागेल, गडद होईल, आणि पटकन फुगून पटकन बसेल. शिवाय सोड्याला आंबट जोडीदार लागतो: ताक, दही, लिंबू, व्हिनेगर. पावडरमध्ये आंबट क्षार आधीच घातलेला असतो. तुमच्या हिशेबाने करायचंच तर वरच्या केकला पाऊण छोटा चमचा सोडा आणि दुधाच्या जागी तेवढंच ताक.

बटरच्या जागी तेलही सरसकट नाही. बटरमध्ये १६ टक्क्यांच्या आसपास पाणी असतं, म्हणून २०० ग्रॅम बटरला १६०-१६५ ग्रॅम तेल पुरतं. पण 'बटर आणि साखर फेसून घ्या' असं लिहिलेलं असेल तर तेल चालत नाही, कारण साखरेचे कण बटरमध्ये हवेचे बुडबुडे कोरतात आणि तेलात ती हवा टिकत नाही. 'वितळलेलं बटर' असेल तर खुशाल बदला.

माझी ढोबळ विभागणी अशी: जिथे काहीतरी फुगायचं, गोठायचं, घट्ट व्हायचं किंवा अंगात बसायचं असतं, तिथे पहिल्यांदा छापल्याबरहुकूम. बाकी सगळीकडे अंदाजपंचे दाहोदरसे.

कात्रणवही

साखळ्या मोजल्या, १ आहे. म्हणजे मुका खांबच. आता उसवते.

वाटीचं 'गालाला लावा' लगेच करून पाहिलं, अजून गार आहे!

वहीत पुढची दोन कात्रणं लावलीत, सुरू करण्याआधीच विचारते. एक, काचेच्या पेल्यातली मेणबत्ती: 'पॅराफिन मेण वितळवा, रंगासाठी मेणाचे खडू किसून घाला, सुगंधासाठी थोडं परफ्यूम, वातीभोवती वाळकी फुलं रचा.' प्रमाण कुठेच नाही. दोन, ताज्या अननसाची जेली. आणि एका पिशवीचा नमुना आहे त्यावर 'आकृती २०० टक्के मोठी करा' असं लिहिलंय, झेरॉक्सवाल्याला काय सांगायचं?

मेणवात

मेणबत्तीच्या त्या कात्रणात चार वाक्यांत तीन चुका आहेत. फोटोसाठी सुंदर, पेटवण्यासाठी नाही.

खडू: त्यातली रंगपूड मेणात विरघळत नाही, तरंगत राहते आणि वातीत अडकते. वात गुदमरते, ज्योत बारीक होत विझते. मेणबत्तीसाठीचा मेणात विरघळणारा रंग घ्या, तोही चिमूटभर. खाण्याचे रंग पाण्यातले असतात, ते थेंब थेंब होऊन तळाशी बसतात.

परफ्यूम: त्यात मुख्यतः अल्कोहोल असतं. गरम मेणात ते भपकन उडतं, पेटूही शकतं. मेणबत्तीसाठीचं सुगंधी तेल घ्या, मेणाच्या वजनाच्या ६ टक्के. जास्त घातलं तर वर घामासारखं सुटतं.

वाळकी फुलं: वातीशेजारी ठेवलेलं वाळकं फूल म्हणजे दुसरी वात. फोटो काढून झाला की फुंकर मारतात, तुम्ही तासभर जाळणार आहात. फुलं हवीतच तर पेल्याच्या बाहेरून बांधा.

प्रमाण असं काढा. पेल्यात हव्या त्या रेषेपर्यंत पाणी भरून ते तोला. जितके ग्रॅम पाणी, त्याच्या ०.८५ ते ०.९ पट मेण. २०० मिलीची रेषा असेल तर १७०-१८० ग्रॅम मेण आणि १० ग्रॅम सुगंध. पेला मग खडखडीत कोरडा करा. पाण्याचा एक थेंब राहिला तरी जळताना तडतडतो.

मेण थेट आचेवर नाही. पातेल्यात पाणी, त्यात मेणाचं भांडं. ७५-८० अंशांपर्यंत नेऊन उतरवा, सुगंध घाला, दोन मिनिटं सावकाश ढवळा, ७० च्या आसपास ओता. पेला आधी कोमट करून घ्या, गार काचेवर मेण चटकन आकसतं आणि कडेने सुटून पांढरे डाग दिसतात. दहावा हिस्सा मेण मागे ठेवा. गोठताना मेण आकसतं आणि वातीजवळ विहीर पडते. वरची साय घट्ट झाली की वातीच्या बाजूला काडीने दोन-तीन भोकं पाडा आणि राखलेलं मेण किंचित जास्त गरम करून त्यात ओता. भोकं नाही पाडली तर वरून सपाट दिसतं, पोकळी आत तशीच.

वातीची जाडी पेल्याच्या व्यासावर ठरते, आणि ती पेटवल्याशिवाय कळत नाही. व्यासाच्या दर अडीच सेंमीला एक तास जाळा. तेवढ्या वेळात वितळलेलं मेण कडेपर्यंत पोचलं नाही आणि मध्ये बोगदा पडला तर वात बारीक आहे. टोकाला काळं बोंड आलं, काजळी धरली, तर जाड. दर वेळी पेटवण्याआधी वात ५-६ मिमी ठेवून कापा.

मेणाच्या भांड्याजवळून हलू नका. धूर दिसला तर आच बंद. पेटलंच तर झाकण घाला, पाणी कधीही नाही. उरलेलं मेण बेसिनमध्ये ओतू नका, नळीत गोठतं.

वजनकाटा

अननसाचं दोन ओळींत. ताज्या अननसात, किवीत, पपईत प्रथिनं तोडणारं विकर (एन्झाइम) असतं. जिलेटिन हे प्रथिन, ते तुटलं की जेली रात्रभर फ्रीजमध्ये ठेवलीत तरी पाणीच. फोडी रसासकट पाच मिनिटं उकळून गार करा, नाहीतर डब्यातला अननस घ्या, तो आधीच तापवलेला असतो. जिलेटिन ५०० मिलीला १० ग्रॅम. गार पाण्यावर भुरभुरा, दहा मिनिटं फुगू द्या, मग गरम रसात विरघळवा, पण उकळू नका. कात्रणात जिलेटिनऐवजी अगर-अगर असेल तर हे विकर त्याला काही करत नाही, कारण ते प्रथिनच नव्हे. मात्र अगर उकळल्याशिवाय विरघळत नाही आणि फ्रीजबाहेरच गोठायला लागतं, तेव्हा साचे आधी मांडून ठेवा.

उलटसुलट

२०० टक्के म्हणजे लांबी दुप्पट आणि रुंदीही दुप्पट, कागद चौपट लागतो. ए४ वरून ए३ करणं म्हणजे १४१ टक्के. ए४ ची ए३ आणि त्या ए३ चे दोन अर्धे पुन्हा १४१ ने मोठे केले की २०० च्या जवळ येतं, पण दोनदा केल्याने रेषा जाड होतात. त्यापेक्षा आकृतीचे चार भाग करून प्रत्येक भाग थेट २०० ने ए४ वर काढा, कडेला एकेक सेंमी एकमेकांवर येऊ द्या आणि जोडा. मोठं करायच्या आधी कात्रणावर पट्टीने नेमकी ५ सेंमीची रेघ ओढा. प्रतीवर ती १० सेंमी भरली पाहिजे. ९.७ भरली तर यंत्राने 'पानात बसवा' हा पर्याय स्वतःहून लावलाय, तो बंद करायला सांगा.

आणि कापड कापण्याआधी शिवणीची माया (शिवणीबाहेर सोडायचं जास्तीचं कापड) आकृतीत धरली आहे की नाही ते शोधा. काही मासिकं धरतात, काही धरत नाहीत, आणि ते वाक्य पुन्हा त्याच हरवलेल्या पानावर असतं. दुहेरी रेघ असेल तर बहुधा धरलेली आहे. एकच रेघ असेल तर जुळणाऱ्या दोन बाजू मोजा आणि तयार पिशवीचं छापलेलं माप त्यातून वजा करा. दोन्ही मापं सारखी आली तर माया धरलेली नाही, सगळीकडून दीड सेंमी सोडून कापा. सुती कापड असेल तर आधी धुऊन इस्त्री.

कात्रणवही

पिशवीचं माप ३५ सेंमी छापलंय, आकृती १७.५ भरते, दुप्पट केली की ३५च. म्हणजे माया नाही. यापुढे कात्रणासोबत ते बारीक टायपाचं पानही कापून मागे चिकटवते, अंकाचा महिना आणि पान क्रमांक लिहून.

लगदामास्तर

पुढच्या दोन अंकांतली दुरुस्तीची चौकटही बघत जा. चमच्याच्या जागी कप छापला गेला तर ते तिथेच कबूल करतात, तेही एका ओळीत. आणि वाटी गार आहे म्हणालात ना, उद्या संध्याकाळपर्यंत तिला हात लावू नका.